पाषाणाचा देशकालोच्चार

गतवर्षी मार्गशीर्षात महाडास आमच्या मावशींच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेस जाण्याचा योग आला. पूजेच्या आरंभी उपाध्यायांनी प्रथेप्रमाणे संकल्प सांगितला. कोणते कर्म करावयाचे हे सांगण्यापूर्वी कर्ता कोठे बसला आहे व केव्हा बसला आहे, हे संकल्पात सांगावे लागते. द्वीप, वर्ष, खंड, नदीचे तीर असे करीत देश सांगून झाला, की संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी असा काल सांगावयाचा आणि मग उदक सोडावयाचे. लहानपणापासून हे शब्द इतक्या वेळा कानांवरून गेले आहेत, की त्यांच्या अर्थाकडे आमचे लक्ष क्वचितच जाते.

दुसऱ्या दिवशी मुलाबाळांसह पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास निघालो. एका लहानग्यास घाटाची वळणे सोसली नाहीत, म्हणून गाडी कडेस थांबवावी लागली. तेथे रस्त्यासाठी तासलेल्या कड्यात अंगठा जाईल एवढ्या व्यासाची पाच-सहा गोल भोके आम्हांस दिसली. ती सुरुंगाची असावीत असे चालकाचे मत पडले. परंतु सुरुंगाचे भोक खोल असते आणि त्याच्या भोवतीचा दगड फुटलेला असतो. ही भोके बोटभर खोल, आतून गुळगुळीत व परस्परांपासून वाकडीतिकडी अशी होती. ती कोणी व कशासाठी पाडतात हे आम्हांस वाचून ठाऊक होते, म्हणून मुलांना तेथेच उभ्या उभ्या सांगितले: हा पाषाण सावित्रीच्या काठी जन्मला नाही, त्याचा जन्म विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण गोलार्धात झाला, आणि ही गोष्ट तो पाषाणच सांगतो.

मुलांना मौज वाटली. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी ती वार्ता मावशींना सांगितली. मावशींचे वय आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. परंतु ऐकलेले अर्धवट सोडून देण्याची त्यांना सवय नाही. त्या म्हणाल्या, "अरे, भूमीला अचला म्हणतात. ही भूमी जर तिकडून इकडे आली, तर काल भटजींनी संकल्पात सांगितले ते खरे की खोटे?" आम्ही त्या वेळी काही तरी गुळमुळीत उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही व आम्हांसही पटले नाही. त्या प्रश्नाचे देणे फेडण्यासाठी या महिन्याचे हे सदर आम्ही खर्ची घालीत आहो.

महाड आणि पोलादपूर ही नावे महाराष्ट्रात ज्या कारणांनी प्रसिद्ध आहेत, त्यांहून अगदी निराळ्या कारणाने ती जगातील भूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच आहे. या दोहोंमधील कड्यात लाव्हारसाचे थर पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक, जवळजवळ आडवे, रचलेले आहेत. अंतर थोडे, चढ मोठा आणि रस्त्याच्या कामाने कडा तासून निघालेला. असा छेद अभ्यासकांस सहसा लाभत नाही. १९८१ साली नजफी, कॉक्स व सुखेशवाला या तिघांनी महाड ते महाबळेश्वर या छेदातील पाषाणांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. यांपैकी सुखेशवाला हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील, तर कॉक्स ऑक्सफर्डचे. पुढे १९८५ साली कॉक्स व हॉक्सवर्थ यांच्या निबंधातून या थरांचे जे गट रूढ झाले, त्यांची नावे खालून वर 'पोलादपूर', 'आंबेनळी' व 'महाबळेश्वर' अशी आहेत. शेकडो कोसांवर, जेथे पोलादपूर कोठे आहे हे कोणास सांगता येणार नाही, तेथील काळ्या दगडालाही शास्त्रज्ञ आज पोलादपूर गटाचा दगड म्हणून ओळखतात.

हा दगड म्हणजे आपली काळवत्री. महाडजवळची गांधारपाल्याची लेणी हिच्यातच कोरली आहेत, रायगडाचा कडा हिचाच आहे, आणि स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटा व अडगळीत पडलेले जातेही बहुधा हिचेच असते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीस पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार वर आला, दूरवर पसरला व थिजला. त्यात लोहाच्या एका चुंबकीय खनिजाचे, मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. रस बाहेर येतो तेव्हा त्याची उष्णता अकराशे अंशांच्या आसपास असते व त्या उष्णतेत कोणतेही चुंबकत्व टिकत नाही. दगड थिजून निवत निवत ५८० अंशांच्या खाली आला, की त्यातील कण चुंबक बनू लागतात. कणांत टिटॅनियमचा अंश असल्यास हे आणखी कमी उष्णतेस घडते. त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेस असेल ती दिशा ते घेतात व दगड पूर्ण निवाला की ती त्यांच्यात कायमची गोठून राहते. ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. लोखंडाची तापलेली कांब दक्षिणोत्तर धरून ठोकली व तशीच निवू दिली तर ती चुंबक बनते, हे गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेविले आहे. लोहाराच्या ऐरणीवर जे घडते तेच सह्याद्रीच्या थराथरांत घडले, एवढेच.

आता, चुंबकाची सुई उत्तर दाखविते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती आणखी एक गोष्ट दाखविते, तिकडे लक्ष जात नाही. घरातील मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. एक दाभण घेऊन त्याच्या मध्यावर रेशमाचा धागा असा बांधावा, की ते तराजूच्या दांडीप्रमाणे अगदी आडवे राहील. गाठ न हलविता त्यावरून चुंबकाचे एक टोक, एकाच दिशेने, वीस-पंचवीस वेळा फिरवावे व दाभण पुन्हा लटकत सोडावे. ते फिरून दक्षिणोत्तर तर होतेच. शिवाय त्याचे उत्तरेकडील टोक खाली झुकते. वजन तर कोठे वाढले नाही. मग ते का झुकले? कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात भूमीशी समांतर नाही, ते तिरपे भूमीत शिरते. या झुकावास शास्त्रात नती म्हणतात. विषुववृत्ताच्या आसपास सुई आडवी राहते. उत्तरेस जावे तसे तिचे उत्तर टोक अधिकाधिक खाली जाते व चुंबकीय ध्रुवावर ती ओळंब्याप्रमाणे उभी राहते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस गेल्यास हाच प्रकार उलट होतो, म्हणजे तेथे उत्तर टोक वर उचलले जाते. यातील प्रमाणही ठरलेले आहे: नतीची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की झुकाव कळला की अक्षांश कळतो. सुई केवळ दिशा सांगत नाही; ती स्थळही सांगते.

महाडचा अक्षांश १८ अंश उत्तर. या नियमाने तेथे सुई ३३ अंश झुकावयास पाहिजे. प्रत्यक्षात आज ती २६-२७ अंशच झुकते. ही विसंगती आम्ही लपवीत नाही, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. पृथ्वीचे क्षेत्र क्षणोक्षणी थोडे थोडे भटकत असते. काही हजार वर्षांची सरासरी घेतली म्हणजेच तो नियम बरोबर उतरतो. हे भटकणे मोजण्याचे काम आपल्या याच जिल्ह्यात शंभरांहून अधिक वर्षे चालले आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच तेथील प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ साली ते काम अलिबागेस हलविले. वेधांस बाध येऊ नये म्हणून तेथील वास्तू चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणून बांधली. काळवत्रीच्या देशात काळवत्री वर्ज्य करून घर बांधावे लागले, यावरूनच त्या दगडाच्या अंगी काय आहे हे कळून येईल.

घाटात दिसलेल्या भोकांचा उलगडा आता होईल. अभ्यासक कड्यातून सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची पाषाणाची कांडी यंत्राने कापून काढतात. परंतु ती मोडून घेण्यापूर्वी तिच्यावर वरची बाजू कोणती व उत्तर कोणीकडे याची खूण करतात. ही खूण साध्या होकायंत्राने करावी तर कडाच स्वतः सुईस ओढीत असतो. म्हणून उन्हात छोटा शंकू उभारून, त्याच्या छायेवरून व वेळेवरून दिशा काढतात. आपल्या ज्योतिषांनी दिक्साधनासाठी सांगितलेली युक्ती घाटरस्त्यावर अशी उपयोगी पडते. मग प्रयोगशाळेत, जेथे पृथ्वीच्या क्षेत्राचा प्रभाव नाहीसा केलेला असतो अशा जागी, ती कांडी थोडी थोडी तापवून पुनःपुन्हा मोजतात. दगडावर पुढील काळात दुसरी चुंबकत्वेही चढलेली असतात. काही आजच्या क्षेत्राची, काही माथ्यावर पडलेल्या विजेची. तापविल्याने ही वरवरची चढलेली चुंबकत्वे आधी उतरतात व जन्मकाळचे चुंबकत्व शेवटी उरते. भांड्यावरची कलई निघून मूळचे तांबे दिसावे, तसे हे आहे.

या रीतीने दख्खनच्या नाना भागांतून काढलेल्या शेकडो कांड्यांचे एकत्रित उत्तर फ्रान्सच्या वांदाम, कुर्तियो प्रभृतींनी १९९१ साली प्रसिद्ध केले. ते महाडास लागू करून पाहता असे दिसते, की पाषाणातील सुई ४८ अंशांच्या जवळपास झुकलेली आहे व तिचे उत्तर टोक वर आहे. वरील नियमाने याचा अक्षांश निघतो तो सुमारे २९ अंश, दक्षिण. म्हणजे आज आफ्रिकेतील डर्बन शहर विषुववृत्तापासून जितके दूर आहे, जवळजवळ तितके दूर महाड त्या काळी होते. शिवाय ती सुई आजच्या उत्तरेस न पाहता २५ अंश पश्चिमेकडे कलून पाहते. अर्थात भूमी नुसती सरकली नाही, सरकताना डावीकडे वळलीही. २९ अंश दक्षिणेपासून १८ अंश उत्तरेपर्यंतचे अंतर ५,००० किलोमीटरांहून अधिक भरते. ते ६ कोटी ६० लक्ष वर्षांत विभागले तर वर्षास सुमारे ८ सेंटिमीटर पडतात. ही सरासरी होय. हिंदुस्थान आशियास भिडण्यापूर्वी वेग याहून बराच अधिक होता. आज तो सुमारे ५ सेंटिमीटर असून उपग्रहांच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजता येतो. सात-आठ वर्षांचे मूल वर्षभरात जितके उंच होते व दाराच्या चौकटीवर आपण जितक्या अंतराने खुणा करतो, तितकी ही चाल आहे. या चालीने, १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वेळेपासून तो गड सतरा मीटरांहून अधिक ईशान्येस आला आहे.

येथे कोणी चौकस वाचक विचारील, की भूमी सरकली असे कशावरून? ध्रुवच हलला असेल. ही शंका आरंभी मोठमोठ्यांनीही घेतली होती व ती वावगी नव्हती. तिचे उत्तर निरनिराळ्या खंडांची साक्ष ताडून पाहण्यात आहे. दख्खनच्या पाषाणावर विश्वास ठेवला तर त्या काळचा उत्तर ध्रुव आज अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात पडतो. त्याच काळचे युरोपातील पाषाण विचारले तर ते ध्रुव आजच्या ध्रुवाच्या आसपासच दाखवितात. पृथ्वीला एकाच वेळी असे दोन उत्तर ध्रुव असणे शक्य नाही. ध्रुव एकच, तेव्हा भूमी हलल्या हाच निष्कर्ष उरतो.

हा निष्कर्ष प्रथम काढणाऱ्यांस काय भोगावे लागले तेही सांगण्यासारखे आहे. खंडे सरकतात हे मत जर्मनीच्या वेगेनर यांनी १९१२ साली मांडले. ते १९३० साली ग्रीनलंडच्या हिमात मरण पावले तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञ त्यांची थट्टाच करीत होते. पुढे केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग नावाच्या तरुण विद्यार्थ्याने हिंदुस्थानातून दख्खनच्या पाषाणाचे मोजके नमुने मागवून त्यांचे चुंबकत्व मोजले व हा देश दक्षिणेकडून फार मोठे अंतर कापून आला असे त्यास दिसले. १९५४ साली त्याने आपला प्रबंध विद्यापीठास सादर केला आणि विद्यापीठाने तो नापास केला. त्याच विद्यापीठाने १९६५ साली त्यास आपली श्रेष्ठ पदवी दिली. परंतु मधल्या अकरा वर्षांत तो ऑस्ट्रेलियात जाऊन आपले काम करीत राहिला होता. केंब्रिजचे परीक्षक अज्ञानी नव्हते. एका मुठीत मावतील इतक्या दगडांवरून एक अख्खे खंड हलवावयाचे, यास त्यांचे मन धजले नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर निराळे वागलो असतो असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणवत नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये ब्लॅकेट यांच्या हाताखाली क्लेग, डॉइच इत्यादी मंडळी हेच काम करीत होती. ब्लॅकेट यांची कथा मौजेची आहे. फिरणारी प्रत्येक जड वस्तू स्वभावतःच चुंबक असते, असे त्यांचे एक मत होते. ते पडताळण्यासाठी त्यांनी सुमारे १५ किलो सोन्याचा दंडगोल उसना आणून अत्यंत नाजूक असे चुंबकमापक यंत्र बनविले. मत खोटे ठरले, सोने परत गेले. यंत्र मात्र राहिले आणि ते दगडांचे क्षीण चुंबकत्व मोजण्यास जणू बनविल्याप्रमाणे उपयोगी पडले. १९५६ साली या मंडळींनी हिंदुस्थानातील पाषाणांविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठोपाठ मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी घाटाघाटांतून नमुने गोळा करून १९५८ व १९५९ साली आपले निबंध लिहिले. सह्याद्रीच्या दगडाची साक्ष सह्याद्रीच्या छायेत काढण्यास असा आरंभ झाला, आणि त्यात एक नाव आपल्या परिचयाच्या वळणाचे असावे याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचक क्षम्य मानतील.

मुंबईच्या या कामात एक विलक्षण गोष्ट ठळकपणे पुढे आली. वरच्या थरांतील सुया उत्तरेकडे व वर पाहतात. खालच्या थरांतील सुया नेमक्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे व खाली. याचा अर्थ थर उपडे झाले असा नव्हे. पृथ्वीच्या चुंबकाची टोकेच मधून मधून अदलाबदल करतात. हे प्रथम फ्रान्समध्ये ब्रून यांनी १९०६ साली ओळखले व १९२९ साली जपानच्या मातुयामा यांनी पुढे नेले. शेवटची अदलाबदल सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वी झाली. या उलटसुलट कालखंडांचा क्रम आता जगभरच्या पाषाणांवरून बसविलेला आहे व प्रत्येकास अंक दिलेला आहे. आंबेनळी घाटातील बहुतेक थर ज्या उलट खंडात पडतात तो एकोणतिसावा. तो सात लक्ष वर्षांच्या आसपास टिकला. घाट चढून वरच्या भागात आले, की कोठे तरी आपण उलट थरांतून सुलट थरांत पाऊल ठेवितो. तेथे पाटी नाही, खूण नाही, दगडाच्या रंगातही फरक नाही.

म्हणजे पाहा: सुईचा झुकाव पाषाणाचा देश सांगतो आणि सुईचे तोंड त्याचा काल सांगते. मावशींच्या देवघरासमोर उपाध्यायांनी जो क्रम पाळला, तोच हा.

या एकोणतिसाव्या खंडातच ती जगप्रसिद्ध प्राणिहानी झाली, जीत महाकाय सरडे नामशेष झाले. तिचे कारण मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कोसळलेला अशनी, की आपल्या सह्याद्रीचा लाव्हारस व त्याचे विषारी वायू, हा वाद अद्याप मिटलेला नाही. २०१९ साली दोन पथकांनी निरनिराळ्या रीतींनी या थरांची वये काढली. एकाच्या मते पोलादपूर गटाचा मोठा उद्रेक हानीपूर्वी कित्येक दशसहस्र वर्षे सुरू झाला होता. दुसऱ्याच्या मते बहुतेक रस हानीनंतर आला. खटला जागतिक आहे आणि साक्षीदार पोलादपूरचा आहे.

साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आली. वर म्हटले, की क्षेत्र भटकत असल्यामुळे हजारो वर्षांची सरासरी घ्यावी लागते. आता समजा, घाटातील दहा थर भराभर, शे-दीडशे वर्षांत, एकावर एक पडले. त्या दहांत एकच दिशा सापडेल. ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराने एकच जबानी दहा वेळा दिली, असे झाले. २००८ साली शने, फ्लुतो, कुर्तियो यांनी आपल्या मुंबईच्या सुब्बाराव यांच्यासह महाबळेश्वराच्या या १,२०० मीटर जाडीच्या कड्याचा थरागणिक अभ्यास प्रसिद्ध केला. लागोपाठच्या कित्येक थरांची दिशा अगदी एक आहे, असे त्यांत दिसून आले. त्यांनी याचा उपयोग निराळाच केला: ज्या अर्थी दिशा एक, त्या अर्थी हे थर फारच अल्प काळात साचले, उद्रेक मोठे, जलद व मध्ये दीर्घ विश्रांती, असा सह्याद्रीच्या जन्माचा प्रकार असला पाहिजे. विश्रांतीच्या खुणा म्हणजे थरांमधील तांबड्या मातीचे पट्टे; ते घाटाच्या कड्यात साध्या डोळ्यांनाही दिसतात. अक्षांश काढणाऱ्यास जी अडचण, तीच उद्रेकाचा वेग काढणाऱ्यास पुरावा ठरली. मात्र अक्षांशासाठी थर मोजून भागत नाही, स्वतंत्र साक्षी किती हे मोजावे लागते. म्हणूनच वर २९ अंश म्हणताना आम्ही 'सुमारे' हा शब्द योजिला.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. सुई अक्षांश सांगते, रेखांश मुळीच सांगत नाही. पूर्वपश्चिम कोठे होतो, याविषयी पाषाण मूक आहे. ते हिंदी महासागराच्या तळावरून काढावे लागते. तळाच्या खडकांतही उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत व त्यांवरून मॅकेंझी आणि स्क्लेटर यांनी १९७१ साली या महासागराचा इतिहास मांडला. लाव्हारसाचा जो स्रोत तेव्हा आपल्या भूमीखाली होता, तो आज रियुनियन बेटाखाली धगधगतो, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. परंतु रियुनियन २१ अंश दक्षिणेस आहे आणि पाषाण तर २९ अंश सांगतो. ही आठ अंशांची तफावत कशी बसवावयाची? स्रोतच सरकला म्हणावे, की पृथ्वीचे अंगच अक्षाभोवती कलले म्हणावे, याविषयी मतैक्य नाही. ज्या शास्त्रात असे हिशेब उघड्यावर मांडलेले असतात, त्यावर आमचा विश्वास अधिक बसतो.

परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी काढली ही कथा पुढे करून, हे सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊकच होते असे म्हणणारे एक गृहस्थ त्याच मुक्कामात भेटले. आम्हांस हा मार्ग पसंत नाही. कथेला कथेचे मोल आहे. ती भूशास्त्राच्या दारात उभी केल्याने कथाही लहान होते व शास्त्रही.

मग मावशींना उत्तर काय? आम्ही परत महाडास गेलो तेव्हा त्यांना म्हटले, "मावशी, संकल्पात खोटे काही नाही. भटजी आजचा देश सांगतात आणि लगेच आजची तिथीही सांगतात. तिथी सांगितल्याविना नुसता देश ते कधी सांगत नाहीत. पाषाणही तसेच करतो. त्याचा देश दक्षिणेतला, पण तिथी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची."

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि अचला?"

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते व तसे आम्ही सांगितले. वर्षास पाच सेंटिमीटर चालणाऱ्या भूमीस अचला म्हणावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मावशींच्या सासऱ्यांनी घातलेले जोते मात्र जागच्या जागी आहे, एवढे आम्ही त्यांच्या लक्षात आणून दिले.

इतक्यात धाकटा नातू होकायंत्र घेऊन माजघरात आला व ते त्याने पाट्याशी नेले. सुई किंचित थरथरली, एका बाजूस जराशी कलली आणि तेथेच थांबली. "आजी, आपल्या पाट्यातही सुया आहेत! मग हा पण सांगेल ना कुठून आला ते?" आम्हांस नाही म्हणावे लागले. पाटा ज्या खाणीतून निघाला तेथे तो कसा होता, त्याची वरची बाजू कोणती, उत्तर कोणीकडे, याची खूण पाथरवटाने केली नाही. त्याच्या पोटात जबानी आहे. परंतु ती वाचण्याची दिशाच हरवली आहे.

"त्या पाथरवटाला कुठचं ठाऊक असायला," मावशी म्हणाल्या. "त्याला सांगायचंच झालं, तर टाकी लावायला केव्हा येतोस, ते विचारा."